रविवारी वाजणारं दार

मी जळकुकडा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. लहानपणी भावाच्या ताटात माझ्यापेक्षा मोठा तुकडा पडला की माझी भूक मरायची. नोकरीत एकाला माझ्याआधी नवी सायकल मिळाली, तर मी तीन दिवस पोट दुखतंय म्हणून रजा टाकली होती. आणि ते खोटं नव्हतं, खरंच दुखत होतं. पण हे सगळं किरकोळ. खरा जळलो तो एका बाइंडरमुळे. त्याच्याबद्दलच सांगायचंय. सांगणारा मी असल्यामुळे मी मधे मधे कडमडणारच, त्याला इलाज नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकलवाल्याच्या शेजारी त्याची बाइंडिंगची खोली आहे. दहा बाय चौदा. एका भिंतीशी पुस्तकं दाबून धरायचा लाकडी शिकंजा, मधे लांब टेबल, टेबलाखाली पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खिडकीत खळीचं पातेलं. माणूस सहा फुटांच्या वर आणि दाराची चौकट बुटकी, त्यामुळे आत-बाहेर करताना तो सवयीने वाकतो. आता इतका वाकलाय की मोकळ्या रस्त्यावरही चौकट असल्यासारखाच चालतो. बोटांवर खळ वाळून पांढरी झालेली. नखांत दोऱ्याचे तंतू. गुडघे कायमचे कामातून गेलेले. मी त्याला पुठ्ठ्या म्हणतो.

तो मला मीटर म्हणतो. मी एकतीस वर्षं घरोघर जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. त्या नोकरीत पैसा नव्हता, पण लोकांची घरं आतून बघायला मिळत. बहुतेक घरांत मीटरच्या आसपास भिंतीवर देवाचं काही ना काही टांगलेलं असायचंच. पुठ्ठ्याच्या खोलीत पहिल्यांदा शिरलो तेव्हा मीटरशेजारी नुसतं एक कॅलेंडर होतं, तेही कागदाच्या व्यापाऱ्याने फुकट दिलेलं. मी आकडा लिहून घेतला, पण पाय निघेना.

"तुमच्याकडे देवाचं काही दिसत नाही," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे?"

"माझ्याकडेही नाही."

त्याने हातातलं दाभण खाली ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं. आमचं जुळलं ते असं.

त्यानंतर बावीस वर्षं, दर रविवारी दहा वाजता, आम्ही बुद्धिबळ खेळलो. दहाची वेळ ठरवून धरली होती, कारण त्या वेळी अख्खी गल्ली प्रार्थनेला जायची. इस्त्रीचे कपडे घालून, पोरांची डोकी चापूनचोपून सगळे एकदम निघत आणि गल्ली अशी रिकामी होई की कुत्र्यांनाही चुकल्यासारखं व्हावं. मग आम्ही दोघं पट मांडायचो आणि गेलेल्यांची यथेच्छ टिंगल करायचो. टिंगल जास्त मी करायचो, तो हसायचा. डाव संपला नाही तर पट शिकंज्याच्या वरच्या फळीवर तसाच ठेवायचा आणि पुढच्या रविवारी तिथून पुढे. आठवडाभर त्या पटाला कुणी हात लावायचा नाही. वहिनीसुद्धा, म्हणजे त्याची बायको, झाडू मारताना ती फळी सोडून द्यायच्या.

प्रार्थना सुटली की साडेअकराच्या सुमाराला त्यांची माणसं जोडीजोडीने घरोघर फिरत. जे येत नाहीत त्यांना बोलवायला. फार सभ्य माणसं. दार वाजवायचीही त्यांची एक पद्धत होती. दोन हलक्या टकटक, मधे थांबायचं, पुन्हा दोन. एकतीस वर्षं दारं वाजवलेल्या माणसाला दार कोण वाजवतंय हे न बघता कळतं, आणि याचा मला भारी गर्व होता. आम्ही दोघांनी नियम केला होता: रविवारी दार उघडायचं नाही. आम्हाला एकमेकांकडे जायचं असलं तर दारावर मुठीने तीन बुक्के हाणायचे. बाकी कुणी कितीही टकटक करो.

आता खरी गोष्ट कबूल करायची तर त्या लोकांवरही मी जळायचो. माझ्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात, प्रार्थनेतल्या. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ डबे येत होते. जिन्यात डब्यांची रांग. कुणी औषधं आणतंय, कुणी चादरी धुऊन देतंय, दोन बाया तर नुसत्या गप्पा मारायला येऊन बसायच्या. मी वरून कठड्याला टेकून बघायचो. मला देव नको होता, पण ते डबे मला हवे होते.

पुढे माझा घोटा मोडला. मी लग्न केलेलं नाही. एक बहीण आहे, ती दूर असते आणि फोनवर सांगते की मी तुझ्यासाठी प्रार्थना करते, दादा. माझ्याकडे आला तो एकटा पुठ्ठ्या. अकरा दिवस, पाव आणि उकडलेली अंडी घेऊन, ते दुखरे गुडघे सांभाळत दोन मजले चढून. तीन बुक्के वाजले की मला इतकं बरं वाटायचं. तेव्हा मी मनाशी म्हटलं, यांना सत्तर माणसं लागतात, आपल्याला एक पुरे.

माझ्या मित्राला मात्र एक पुरत नव्हतं. ते कळलं वहिनी गेल्या तेव्हा.

वहिनीही देव न मानणाऱ्या. आपल्यामागे कुठलेही विधी करू नका, असं त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं. निरोप द्यायला आम्ही चौघं: पुठ्ठ्या, मी, त्यांचा भाऊ आणि तो कॅलेंडरवाला व्यापारी. स्मशानाच्या फाटकाबाहेर प्रार्थनेतली तीस-चाळीस माणसं उभी होती. वहिनींनी त्यांच्या कितीतरी मुलींना शिवण शिकवलं होतं. त्यांच्या पुढाऱ्याने हळूच विचारलं, दोन शब्द प्रार्थनेचे म्हणू का? पुठ्ठ्या म्हणाला, नको, तिला नको होतं. तेव्हा ती माणसं न रागावता तिथेच गप्प उभी राहिली. मग गाडीतून वहिनींना उचलायची वेळ आली. चौघं लागतात आणि भावाची पाठ धरलेली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात फाटकातून एक प्रार्थनावाला आत आला, एक अक्षर न बोलता त्याने चौथा कोपरा धरला, आणि काम झाल्यावर तसाच बाहेर जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी खोलीत बसलो होतो. पुठ्ठ्या बराच वेळ दोऱ्याला मेण लावत होता. मग म्हणाला, "मीटर, आपण दोघं पुरत नाही रे."

ज्याची बायको गेली होती त्या माणसाला मी काय बोलणार? पण ते वाक्य माझ्या पोटात जे जाऊन बसलं ते बसलंच. बावीस वर्षं मी पुरलो नाही, असंच मी ते ऐकलं.

दोन महिन्यांनी खोलीच्या दारावर त्याने पुठ्ठ्याची पाटी लावली. 'रविवारी दहा वाजता. फाटकी पुस्तकं घेऊन या, मिळून बांधू. इथे प्रार्थना नाही.' आणि खाली बारीक अक्षरात: 'प्रार्थना करणाऱ्यांची टिंगलही नाही.'

"ही खालची ओळ माझ्यासाठी का?" मी विचारलं.

"आपल्या दोघांसाठी," तो म्हणाला.

"मग आपण बोलायचं तरी काय?"

त्याने पाटीचा कोपरा दाबून बसवला. "ते मलाही माहीत नाही," म्हणाला. "बघू."

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. मी इतका खूश झालो की दोन डाव लागोपाठ जिंकलो. दुसऱ्या रविवारी एक नर्सबाई आल्या, आईची पाककृतींची वही घेऊन. पानं सुटलेली, तेलाने पारदर्शक झालेली. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायला लागलो. तिसऱ्या रविवारी एक निवृत्त बसड्रायव्हर आला, हातात जुना शब्दकोश, आणि आल्या आल्या इतक्या मोठ्याने हसला की खळीच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं. काय विनोद झाला होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. चार महिन्यांत सोळा जण झाले. गल्लीत, आजूबाजूला, इतकी माणसं रविवारी दहा वाजता घरात एकटी बसून होती आणि एकमेकांना ठाऊकही नव्हती. कुणी कधी मानलंच नव्हतं, कुणी मानायचं सोडलं होतं, कुणी घरच्यांशी त्यावरून भांडून आलेलं. पण त्याबद्दल ती फार बोलतही नसत. पानं लावायची, घडी घालून त्यांचे फर्मे, म्हणजे जुड्या, करायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, आणि त्या ओघात मुलाची परीक्षा, घरमालक, दाढदुखी असलं सगळं निघायचं.

पुठ्ठ्या टेबलाभोवती फिरून प्रत्येकाचा टाका तपासायचा. त्याचं शिकवणं बघण्यासारखं होतं, हे मला जळत जळतही मान्य करावं लागायचं. प्रार्थनेची पुस्तकंही तो बांधून द्यायचा, आणि तीही इतकी जीव ओतून की मी एकदा त्याला टोकलं. तर म्हणाला, "पानं कुणाचीही असोत, टाका सैल घालायचा नाही." ड्रायव्हरची बोटं केळ्याएवढी, त्याच्या हातून सुई दहादा सुटायची. पुठ्ठ्या त्याचा पंजा आपल्या हातात धरून टाका घालून घ्यायचा. माझा हात त्याने बावीस वर्षांत कधी धरला नव्हता. गरजच पडली नव्हती म्हणा.

मग कप आले. ती सिस्टरची कल्पना. त्यांच्या ओळखीत एक एकटे गृहस्थ होते, ते घरात पडले आणि तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. म्हणून सिस्टरनी नियम काढला: प्रत्येकाने घरून आपला एक कप आणायचा आणि इथे खुंटीवर टांगायचा. अकरा वाजता चहा झाला की सगळ्या कपांत ओतायचा, माणूस आलेला असो वा नसो. ज्याचा कप भरूनही तसाच राहिला, त्याच्याकडे दोघा-तिघांनी लगेच तो चहा झाकून घेऊन जायचं. उशीर नाही, चौकशी नाही, सरळ दारात चहा.

सगळ्यांनी कप आणले. मी आणला नाही.

"मी या खोलीत बावीस वर्षं हाताला येईल त्यातून चहा पितोय," मी सिस्टरना सुनावलं. "मला हजेरी लावायला शाळेत घातलेलं नाही."

सिस्टरनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्या दोघांत असा न बोलता व्यवहार होऊ लागला होता, तो मला विशेष झोंबला. त्यानंतर मी त्या खुंट्यांच्या भिंतीकडे पाठ करून बसू लागलो.

बुद्धिबळ मंडळी गेल्यावर व्हायचं, साडेबाराला. मग कुणी रेंगाळायचं, कुणाचं पुस्तक अडायचं, आणि डाव राहायचा. एक डाव तर पाच आठवडे फळीवर पडून होता. पाचव्या आठवड्याच्या रविवारी मला उशीर झाला. खोलीत शिरलो तर टेबलाच्या कोपऱ्यावर पट. माझ्या खुर्चीत ड्रायव्हर. समोर पुठ्ठ्या, आणि तो त्याला घोडा अडीच घरं कसा चालतो ते शिकवत होता. आमचा डाव मोडून. माझ्या घोड्याने.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमचा डाव कुठंय?" मी विचारलं.

"अरे, मी सगळं कागदावर लिहून ठेवलंय," पुठ्ठ्या खिसा चाचपत म्हणाला. "कुठली सोंगटी कुठल्या घरात, सगळं. पुन्हा मांडता येईल."

"मला नाही मांडायचा."

"मीटर, बस तरी."

"कुठे बसू? मांडीवर?"

ड्रायव्हर बिचारा उठून उभा राहिला. "बसा ना साहेब," म्हणाला. त्या 'साहेब'ने तर माझा उरलासुरला ताबा गेला. बावीस वर्षं मी ज्या घराचा होतो तिथे मी साहेब झालो होतो, पाहुणा!

मी सोळा माणसांसमोर पुठ्ठ्याला वाट्टेल ते बोललो. बायको गेल्यावर तुला दुकान मांडायचं सुचलं, म्हणालो. तुझ्यात आणि त्या प्रार्थनावाल्यांत काय फरक राहिला, म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, "हे सगळं लटांबर सोडशील तेव्हाच माझ्या दाराशी ये. तोवर माझ्या दाराला हात लावायचा नाही."

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की!"

"बरं," तो म्हणाला. पुठ्ठ्याची एक खोड आहे, शब्द दिला की तो पाळतो. ही खोड मी तेव्हा विसरलो.

मग पाच रविवार गेले. ते कसे गेले ते माझं मला माहीत. दहा वाजले की मला घरी बसून त्या खोलीतलं सगळं दिसायचं. आता फर्मे लावत असतील. आता तो ड्रायव्हर हसला असेल. आता चहा. माझी खिडकी मागच्या बाजूला उघडते, तिथून फक्त पाण्याच्या टाक्या दिसतात, तरी मी तिथे उभा. मी मनाशी एक कसोटी लावली होती. इतक्या सोळा माणसांपैकी एक जरी आला, एकाने जरी विचारलं की तो मीटरवाला का येत नाही, तर मी मानेन. पण कोण येतंय! कप नाही तर माणूस नाही. त्यांच्या नियमात मी बसतच नव्हतो. जिवंत आहे की मेला, कुणाला पडलीय? त्या मावशींसाठी डब्यांची रांग, आणि माझ्यासाठी काळं कुत्रं नाही. देववाल्यांनी नाही विचारलं ते ठीक, पण आता बिनदेववाल्यांनीही नाही! मी हिशोब करून जळत होतो, दोन्हीकडून.

आणि वर डोकं उठवायला ते प्रार्थनावाले. दर रविवारी न चुकता, साडेअकराच्या पुढे, दारावर दोन हलक्या टकटक, मधे थांबून पुन्हा दोन. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, आता आठवड्याला! आमचं फाटलंय याचा यांना वास लागला असणार, असं मी धरून चाललो. मी उठायचो नाही. उलट रेडिओ मोठा करायचो, बातम्या असोत नाहीतर शेतीचा कार्यक्रम असो, इतका मोठा की दाराबाहेरच्यांना कळावं, आत माणूस आहे आणि तो तुम्हाला उघडणार नाहीये. थोड्या वेळाने पावलं उतरून जायची. त्या दिवसांतलं तेवढंच एक सुख.

पाचव्या रविवारनंतरच्या मंगळवारी जिन्यात मावशी भेटल्या. हातात भाजीची पिशवी. मला बघून थांबल्या.

"काय हो," म्हणाल्या, "इतका गोड चहा पिता? या वयात?"

"कुठला चहा?"

"तुमचा. चार चमचे तरी साखर असेल. मला सोसत नाही खरं तर, पण वाया कशाला घालवायचा म्हणून मी पिते."

मी चार चमचेच घेतो. ते आख्ख्या जगात एकालाच माहीत आहे.

"मावशी, नीट सांगा," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि नीट सांगितलं. प्रार्थना आटपून त्या घरी येतात तेव्हा खाली तीन माणसं आलेली असतात. एक नर्सबाई, एक जाडजूड मनुष्य आणि तो उंच, वाकलेला. नर्सबाई आणि जाड मनुष्य चहा घेऊन वर जातात. उंच माणूस खालीच जिन्याच्या पायरीवर बसतो. मावशींनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्ही का नाही जात? तर म्हणाला, मला त्याच्या दाराला हात लावायची मनाई आहे.

"पण ते हाका का नाही मारत?" मी विचारलं.

"तोच सांगतो त्यांना. चारचौघांत त्याच्या नावाने ओरडू नका, त्याला आवडत नाही. हळू वाजवा. उघडलं तर उघडलं." मावशी म्हणाल्या. "मग ते खाली येतात. तो विचारतो, रेडिओ चालू आहे का? ते म्हणतात, आहे, चांगला मोठा आहे. मग तो म्हणतो, मग ठीक आहे. चहा मला देतात आणि जातात. तो मात्र लगेच नाही जात. जरा वेळ बसतो. गुडघे दुखतात ना त्याचे. फार चांगला आहे हो बोलायला. त्याने बायकोचं सगळं सांगितलं मला."

आता कुणीही शहाणा माणूस इथे विरघळला असता. मीही विरघळलो, नाही असं नाही, कठडा धरून उभा राहिलो. पण माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो, लाज वाटली तरी. पाच रविवार माझा मित्र माझ्याच जिन्याखाली बसून या बाईशी वहिनींबद्दल बोलत होता. माझ्याशी तो वहिनींबद्दल कधीच बोलला नव्हता. मी कधी विचारलं नव्हतं.

बुधवार ते शनिवार मी दहादा त्याच्या खोलीच्या वाटेला लागलो आणि सायकलवाल्याच्या दुकानापासून परत फिरलो. सरळ जाऊन माफी मागायची, एवढं साधं काम. पण जळकुकड्या माणसाला साधं काम जमत नाही. मला खात्री हवी होती. तो ती माणसं पाठवतो हे कळलं होतं. तो स्वतः येईल का, हे मला बघायचं होतं.

सहाव्या रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि अकरा वाजता रेडिओ बंद केला. पार भिंतीतून वायर काढून ठेवली. दाराच्या आत, फळीला कान लावून, उभा राहिलो.

अकरा चाळीसला पावलं आली. दोन हलक्या टकटक. थांबून पुन्हा दोन.

"रेडिओ नाही लागत आज," बाहेर सिस्टरचा आवाज.

"ऐका पुन्हा," ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने माझं आडनाव घेऊन हलकेच हाक मारली. मी गप्प. तो कठड्यावरून खाली वाकला असावा. "अहो, रेडिओ बंद आहे!"

मग जिन्यावर असा आवाज सुरू झाला की काय सांगू. दोन-दोन पायऱ्या एकदम, मधेच पाय घसरल्याचा, कठडा गदगदल्याचा. ज्या माणसाला खुर्चीतून उठायला टेबलाचा आधार लागतो तो माणूस दोन मजले धावत चढत होता. मला तिथेच दार उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

धाड. धाड. धाड. तीन बुक्के. मग चौथा, पाचवा, दोन्ही हातांनी.

"मीटर! ए मीटर! दार उघड! अरे उघड रे!" आणि मग ड्रायव्हरला, "तोडा. तोडा ते दार."

मी कडी काढली.

समोर पुठ्ठ्या, तोंड पांढरंफटक, छातीवर हात. त्याच्या मागे ड्रायव्हर, बाह्या सरसावून, खांदा दाराला लावायच्या बेतात. सिस्टरच्या हातात बशीने झाकलेला कप. पुठ्ठ्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. गुळगुळीत दाढी. इस्त्रीचा शर्ट.

"रेडिओ?" तो कसाबसा म्हणाला.

"बंद केला."

"का?"

"तू येतोस का ते बघायला."

त्याने माझ्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खळ वाळलेली बोटं होती, चांगली लागली. मग तो तिथेच माझ्या उंबऱ्यावर बसला आणि तोंड हातांत धरून रडायला लागला. वहिनी गेल्या त्या दिवशीही तो रडला नव्हता. ड्रायव्हरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात तिथून उचलून फेकून द्यावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसंही वाटलं.

"चहा गार होतोय," सिस्टर म्हणाल्या आणि कप पुढे केला.

मी तो कप ओळखला. निळ्या काठाचा. नऊ वर्षांपूर्वी हरलेल्या डावावर चिडून मी तो आपटला होता आणि त्याचा कान तुटला होता. मला वाटलं होतं, तो तेव्हाच कचऱ्यात गेला. आता तुटलेल्या कानाच्या जागी मेण लावलेल्या दोऱ्याचा गोफ घट्ट विणलेला होता, खुंटीवर टांगता येईल असा. बाइंडिंगचा दोरा. एकही टाका सैल नव्हता.

"हा कधी टांगला?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी. तुम्ही त्या भिंतीकडे बघतच नव्हता."

मी चहा तोंडाला लावला. कोमट होता आणि भरपूर गोड. तेवढ्यात खालून मावशींचा आवाज आला, "काय झालं हो? आणि आज माझा चहा?"

"आज नाही मिळायचा!" मी कठड्यावरून ओरडलो. "आज माझा मीच पितोय!"

ड्रायव्हर मोठ्याने हसला. तो कशाला हसला ते या वेळी मला कळलं. मग मी कप घेऊन उंबऱ्यावर पुठ्ठ्याच्या शेजारी बसलो. तो अजून गुडघे चोळत होता. बराच वेळ काय बोलावं ते सुचेना, कारण टिंगल करायला कुणी नव्हतं. शेवटी मी त्याला विचारलं, "वहिनींबद्दल मावशींना काय काय सांगितलंस?"

तो नाक पुसत म्हणाला, "बस, सांगतो."